बेचाळीस पायऱ्या

रिसोडच्या बाजारात कस्तुरशेठच्या दुकानी सोयाबीन घेऊन जायचं, तर माणसानं घरून जेवूनच निघावं. तिथून लवकर सुटका नाही. दुसरा व्यापारी पोत्याचं तोंड उघडून वरचा मूठभर दाणा घेतो, तळहातावर खेळवतो आणि भाव बोलतो. कस्तुरशेठ बाही वर सारतात, हात कोपरापर्यंत पोत्यात घालतात आणि तळची मूठ काढतात. ती मूठ आधी नाकाशी जाते, मग त्यातला एक दाणा दाताखाली. शेजारी ओलावा मोजायचं यंत्र ठेवलेलं असतं, ते चांगलं चालतंही. पण शेठचा त्यावर भरवसा नाही, कारण यंत्र बनवणाराही शेवटी माणूसच.

रिठदचा सेवादास वीस वर्षं त्यांच्याकडेच माल घालतो. दर हंगामात तो एकदा तरी म्हणतोच, "शेठ, वीस वर्सं झाले. एखांद्या वर्शी तं वरचा दाणा पाहून माल घ्या."

"वरचा दाणा सगळ्याचाच चांगला असते, सेवादास," शेठ म्हणतात. "तळाशी काय हाय, थे पाह्याचं असते."

हा स्वभाव दुकानापुरता असता तर गोष्ट वेगळी होती. पण एसटीचं तिकीट दोन्ही बाजूंनी वाचणारा, गॅसचं सिलिंडर दारात आलं की वजनकाट्यावर चढवणारा आणि लग्नाच्या पत्रिकेवरची तारीख पंचांगात ताडून पाहणारा माणूस रिसोडात हा एकच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. शेठचं तोंड जन्मात कधी पोळलेलं नव्हतं, तरी ते उकळून गार केलेलं पाणीसुद्धा फुंकून पीत.

फक्त बायकोवर त्यांनी कधी शंका घेतली नाही. त्यात भरवशाचा भाग थोडा होता. खरं सांगायचं तर शंका घ्यायला लागतं तेवढं लक्षच तिच्याकडे कधी गेलं नव्हतं.

प्रेमाबाई कारंजा तालुक्यातल्या धनजची. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन रिसोडला आली, आता सत्तावन्नची आहे. खाली दुकान, वर घर, त्याच्या वर गच्ची, असा तिचा संसार. छत्तीस वर्षांत तिनं नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नाही. दोनदा शिखरजीची यात्रा मागितली, एकदा अबू, एकदा नुसतं इंदूरला बहिणीकडे. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळालं, "सीझन होऊ दे." सोयाबीनचा सीझन झाला की तूर येते. तूर गेली की हरभरा येतो. हरभऱ्यामागे लग्नसराई, त्यामागे पेरणीच्या बियाण्याची गडबड. उरलेल्या पंधरा दिवसांत शेठचं अंग मोडून येई. दहा वर्षांपूर्वी प्रेमाबाईनं मागणं सोडलं. ती समाधानी झाली, असा शेठनी त्याचा अर्थ लावला. सोयाबीनचा तळ पाहणाऱ्या माणसाला घरातला वरचा दाणा पुरला.

यंदा चातुर्मासासाठी गावच्या जैन स्थानकात चार साध्वीजी मुक्कामाला आल्या. प्रेमाबाई रोज प्रवचनाला जाऊ लागली. त्यात वावगं काही नव्हतं, गावातल्या सगळ्याच जैन बायका जात होत्या. पण श्रावण लागला आणि एका सकाळी शेठ सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यान-जपाला, बसले असताना त्यांच्या डोक्यावर पावलं वाजली. जिन्यानं कोणी वर गेलं, मग खाली आलं, पुन्हा वर गेलं. दुकानापासून गच्चीपर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. शेठनी माळ हातात ठेवून पावलं मोजली आणि त्यांचं सामायिक बिघडलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी शेठ उठून जिन्यात गेले. गच्चीच्या दारापाशी एक स्टीलची वाटी होती, वाटीत सोयाबीनचे दाणे.

"प्रेमा, जिन्यात वाटी कायची?"

"राहू द्या तिथंच," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तेवीस दाणे हाय. पोत्यात टाकून देईन परत."

दाणे किती आहेत हे शेठनी विचारलंच नव्हतं. न विचारता आकडा सांगणाऱ्या माणसाचा माल ते दोनदा तपासत. त्यांनी वाटीतले दाणे मोजले, तर तेवीसच निघाले. आठवड्यानं तीस झाले. मोजून काहीतरी चाललं होतं, आणि मोजून काय करतात हे जैनाघरच्या माणसाला कोणी सांगायला नको. जप चालला होता. पण देवापुढं बसून माळ ओढायची सोडून जिन्यात, सूर्य उगवायच्या आत, चालता चालता जप कशाला?

मग फोनचं सुरू झालं. मुलगी खुशबू देहरादूनला नोकरीला आहे. मायलेकींचं बोलणं पूर्वी घरभर ऐकू यायचं, कोणती भाजी केली इथपासून. आता शेठ खोलीत आले की प्रेमाबाई म्हणे, "हं, आले पप्पा. ठेवतो." एकदा दाराआडून एवढंच कानावर आलं, "नवकारशीच्या आंधी पानी बी नाही घ्याचं. थे मी निभवून घेईन. तू बाकीचं पाह्य."

नवकारशी म्हणजे सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात काही न घालणं. ती प्रेमाबाई लग्नाआधीपासून पाळत होती. तिच्यात निभवून घेण्यासारखं नवीन काय होतं?

भादव्यात शेठनी तिचे पाय पाहिले. ती पाय धुऊन ओट्यावर बसली होती आणि टाचांना खोबरेल चोळत होती. दोन्ही टाचांवर फोड येऊन फुटले होते.

"अनवाणी चालून राह्यली का तू?"

"लागलं काही," ती म्हणाली आणि लुगड्याच्या काठानं पाय झाकले.

त्या दिवशी दुकानात शेठनी एका शेतकऱ्याचा दाणा तोंडात टाकला आणि चावायचं विसरून गेले. सूर्याआधीचं चालणं, बिनपाण्याचं चालणं, अनवाणी पाय, जप. असं कोण राहतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

शेठ नऊ वर्षांचे असताना त्यांच्या गोमतीआत्यानं दीक्षा घेतली होती. आईपेक्षा आत्याच्याच कडेवर ते वाढलेले. त्या दिवशी बँड होता, वरघोड्याची मिरवणूक होती, अख्खं गाव नाचत होतं आणि आत्या दोन्ही हातांनी आपले दागिने उधळत होती. पोरगा कस्तुरही नाचला. चार वर्षांनी साध्वी झालेली आत्या विहारात, म्हणजे गावोगाव पायी फिरताना, रिसोडवरून गेली. कस्तुर धावत गेला आणि "आत्या" म्हणून ओरडला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. शांतपणे, मायेनं पाहिलं, पण शेजारच्या किराणावाल्याच्या पोराकडे पाहिलं तितक्याच मायेनं. मागून वडिलांनी खांदा धरून सांगितलं, आता आत्या म्हणायचं नाही, हात लावायचा नाही, वंदना करायची. त्यानं वंदना केली. नंतर कोठ्यात सोयाबीनच्या नाही, त्या वेळच्या ज्वारीच्या पोत्यांमागे बसून तो रडला.

म्हणजे प्रेमा गेली तर तिला प्रेमा म्हणता येणार नव्हतं. ती विहारात कधी गावात आली तर स्वतःच्याच बायकोपुढं हात जोडून उभं राहायचं आणि ती किराणावाल्याकडे पाहते तितक्याच मायेनं आपल्याकडे पाहणार.

आता कोणी म्हणेल, एवढी शंका होती तर सरळ बायकोला विचारायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर? धर्माचं काम आहे, त्यावर नाही म्हणायची सोय नाही. म्हणून शेठ गावाला वळसा घालत राहिले.

ते स्थानकात गेले. वंदना केली, लांब बसले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाले, "आमची प्रेमाबाई काही विचारत होती का, महाराजसाहेब?"

मोठ्या साध्वीजींनी तोंडावरच्या मुहपत्तीआडून सांगितलं, "हो, चालण्याबद्दल विचारत होत्या. चढावर दम कसा राखायचा, पाण्याविना किती वेळ निभतं, टाचा फुटू नयेत म्हणून काय करायचं. फार चांगले प्रश्न विचारतात."

"अन् तुमी सांगितलं?"

"सांगितलं. हळू चालायचं आणि थांबायचं नाही."

साध्वी खोटं बोलत नाहीत. शेठ पायऱ्या उतरताना आपले जोडे तिथंच विसरले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले.

मग त्यांनी व्यापाऱ्याची युक्ती केली. जाणाऱ्या गिऱ्हाईकाला दुकानात अडकवायचं तर त्याच्यापुढं चांगला माल ठेवतात. ते वाशिमला जाऊन हिरवीगार, जरीच्या काठाची साडी घेऊन आले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोसाठी स्वतः साडी निवडली होती. प्रेमाबाईनं ती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि नवऱ्याकडेही तसंच पाहिलं.

"हे कायले?"

"असंच. नेस नं उद्या."

"दिवाळीले नेसीन," ती म्हणाली आणि साडी कपाटात ठेवली. कपाट उघडलं तेव्हा वरच्या फळीवर एक पार्सल शेठना दिसलं. त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून पांढरं कापड बाहेर डोकावत होतं. घरात कोणी गेलेलं नव्हतं आणि पांढरं कापड कपाटात आलं होतं. चातुर्मास दिवाळीनंतर कार्तिक पौर्णिमेला संपतो, दीक्षा त्यानंतर होतात. दिवाळीनंतर तू काय नेसशील, हे विचारायची शेठची छाती झाली नाही.

दसऱ्याच्या आधी दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. प्रेमाबाईच्या कमरेपर्यंतच्या वेणीची धनजच्या माहेरापासून तारीफ होती. एका दुपारी ती बाहेरून आली तेव्हा केस खांद्यावर होते. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"हे काय केलं?"

"डोक्यावर काही बसत नव्हतं," ती एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. दीक्षेत केस हातानं उपटतात. अगोदर कापून घेतले की थोडं सोपं जातं, असं शेठनी कुठंतरी ऐकलं होतं.

दोन दिवसांनी झेरॉक्सच्या दुकानाचा हरीओम रस्त्यात भेटला. माणूस भला, पण त्याच्याकडे आलेला कागद गावाला आधी कळतो आणि ज्याचा त्याला मागाहून.

"शेठ, काकू कोठी जाऊन राह्यल्या का? परवा मोबाईलवरून कागद काढून नेला. हिंदीत होता. वर मोठ्या अक्षरात, 'परिवार की सहमति'. खाली घरच्याची सही."

शेठनी मान हलवली. घरच्यांनी लेखी आज्ञा दिल्याशिवाय कोणाला दीक्षा देत नाहीत, हे हरीओमला माहीत नव्हतं, त्यांना होतं. पोत्याचा तळ हाताला लागला होता.

पुढचे तीन दिवस शेठनी कोणाशी भांडण केलं नाही. बाजारात लोकांना वाटलं, शेठ आजारी आहेत. ते गल्ल्यावर बसून नुसता हिशेब करत होते, मालाचा नाही, दिवसांचा. शिखरजी दोनदा, अबू एकदा, इंदूर एकदा. या बाईनं आपल्याकडे रस्ता मागितला आणि आपण सीझन दाखवला. आता ती असा रस्ता धरते आहे, जिथं कोणाला विचारावं लागत नाही आणि परत यावं लागत नाही. आपणच तिला तिकडे लोटलं, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी सामायिक संपलं तेव्हा प्रेमाबाई समोर उभी होती. हातात कागद, कागदावर पेन.

"तुमाले एक सांगायचं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "रागवाल तुमी. पन आंधी ऐकून घ्या."

"पेन दे," शेठ म्हणाले.

"वाचा तं आंधी."

"नाही वाचत."

एसटीचं तिकीट दोन्हीकडून वाचणाऱ्या माणसानं कागदाच्या तळाशी, जिथं बोट पोचलं तिथं, सही केली. अक्षरं वाचायची म्हटली असती तरी त्यांना ती दिसत नव्हती. प्रेमाबाई घाबरली. या माणसाला ती छत्तीस वर्षं ओळखत होती आणि हा माणूस तो नव्हता.

"मी तुले अडवत नाही," शेठ म्हणाले. "तुह्या पुण्याच्या आड मी कायले येऊ? एकच मागणं हाय. विहारात कधी इकडून गेली, तं आपल्या दारावरून जाजो. भिक्षेले. मी उकळलेलं पानी ठेवत जाईन."

"कोनाचा विहार?"

"तुहा."

"मी कायले विहार करू?"

"मंग दीक्षा घेतल्यावर काय गाडीत फिरशीन?"

प्रेमाबाई खालीच बसली. आधी ती हसली. पदर तोंडाशी धरला, तरी हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. मग ते हसू हळूहळू कमी झालं आणि पाणी तसंच राहिलं.

"कोनं सांगतलं तुमाले मी दीक्षा घेऊन राह्यली म्हणून?"

शेठनी सगळं सांगितलं. वाटीतले दाणे, टाचा, पांढरं कापड, केस, साध्वीजी, हरीओम. ती प्रत्येकाला उत्तर देत गेली. दाणे म्हणजे जिन्याच्या चकरा, एक चक्कर झाली की एक दाणा वाटीत. टाचा नव्या जोड्यांनी फोडल्या, जोडे खुशबूनं पाठवलेत, पलंगाखाली आहेत. पांढरं कापड म्हणजे थंडीतले आतून घालायचे कपडे, खुशबूला दुसरा रंग मिळाला नाही. आणि केस कापले, कारण अंबाड्यावर लोकरीची टोपी बसत नव्हती.

"टोपी कायले?"

"डोंगर चढायचा हाय मले," प्रेमाबाई म्हणाली. "हिमालयात. खुशबूच्या तिकडं चंद्रशिला म्हणून हाय, बारा हजार फूट. पहाटे चारले निघायचं, उन्हाच्या आंधी वर, दुपारी खाली. एका दिवसाचं काम."

"तिथं कोनता देव हाय?"

"वाटंत महादेवाचं मंदिर लागते. पन मले त्याच्या पुढं जायचं हाय. आजवर सगळ्यात उच्चीवर मी कोठी गेली? आपल्या गच्चीवर. थे बी पापड वाळू घालाले. मले एकदा अशा जागी जाऊन उभं राह्याचं हाय जिथं वाळवन नाही घालावं लागत."

शेठना एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणात ते बोलून गेले, "मंग हे पहिलेच सांगायचं होतं नं."

प्रेमाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला राग आला होता, दोन महिन्यांचा नव्हे, बराच जुना.

"तुमी मले आता जन्मभरासाठी सोडून राह्यले होते नं? न वाचता सही केली. धर्मासाठी बायको गेली तं जाऊ दे म्हणाले. अन् मी दोन महिने बिल्लीवानी जिना चढली, कायले? तं तुमी एका दिवसासाठी नाही म्हनसान म्हणून. परत न येनारीले तुमी हो म्हनता. परत येनारीले सीझन होऊ दे म्हनता. असं कसं हो हे तुमचं?"

शेठनी हात पुढं करून डोंगरावर नेणाऱ्या कंपनीचा तो कागद परत मागितला आणि वाचायला घेतला. आता वरपासून खालपर्यंत, मागची बाजूही. तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली होती, ऐन सोयाबीनच्या गर्दीतली. त्यावर ते काही बोलले नाहीत. एका रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. प्रवाशाला काही झालं तर कोणाला कळवावं, असं विचारलं होतं. पुढं खुशबूचं नाव आणि नंबर होता.

"माहा नंबर नाही लिवला?"

"तुमी सीझनमधे फोन कोठी उचलता?" ती म्हणाली. रागानं नव्हे, आहे ते सांगावं तसं.

शेठनी पेन उचललं आणि खुशबूच्या नंबराखाली, रकान्याच्या बाहेर, स्वतःचा नंबर लिहिला.

इथं त्यांचा मूळ स्वभाव जागा झाला. बायको सुटली, आता शंका डोंगरावर गेली. "जोडे आन," ते म्हणाले. जोडा आला तसा त्यांनी पोत्यात घालतात तसा हात पार बोटांपर्यंत आत घातला आणि शिवण चाचपली. टाचेशी घट्ट आहे म्हणाले, आणि ते खरंच होतं, फोड त्यानंच येत होते. चांभाराकडून त्यांनी ती जागा सैल करून आणली. पाठीवरच्या पिशवीतून तर एकूणएक वस्तू बाहेर काढली. विजेरीचे सेल नवे म्हणून दिलेले होते, ते दाताला लावता येत नव्हते म्हणून त्यांनी विजेरी देवघरात चार तास पेटती ठेवून पाहिली. खाखरे किती, सुंठ आहे का, उकळलेल्या पाण्याचा थर्मास उपडा केला तर गळतो का. खुशबूला फोन करून त्यांनी अर्धा तास उलटतपासणी घेतली.

"पप्पा, दहाच्या आंधी आमी उतरायला लागू," खुशबू सांगत होती. "दुपारी वर ढग येतात, हवेचा भरवसा नसतो."

"असं बोल," शेठ म्हणाले. या एका वाक्यानं त्यांना त्या डोंगराबद्दल आदर वाटला. "अन् तुही मम्मी नवकारशीच्या आंधी पानी पेनार नाही. चक्कर आली तं?"

"मी पण म्हटलं, एक दिवस सोड. थे आयकत नाही."

"नाही आयकनार," शेठ म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता. "हळू चालाले सांग. अन् थांबू नोको म्हना." साध्वीजींनी सांगितलेलं त्यांना पाठ झालं होतं.

त्या दिवसापासून वाटीतले दाणे शेठ मोजू लागले. चाळीसच्या खाली आले की वरून हाक येई, "आज चार कमी हाय."

प्रेमाबाई अकोल्याहून गाडीत बसली. "दिल्लीले खुशबू फलाटावरच उभी राह्यते नं? कोनत्या डब्यासमोर?" हे शेठनी तिला तीनदा विचारलं. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीतून तिचा हात धरला आणि गाडीचा वेग वाढेपर्यंत धरून ठेवला. फलाटावर लोक होते, पण त्या वेळी त्यांना त्याची फिकीर नव्हती.

तो दिवस उजाडला तेव्हा बाजार सोयाबीननं भरला होता. सेवादास रिठदहून सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याला शेठ दुकानाच्या पायरीवर उभे दिसले, हातात फोन. गल्ल्यावर चहाचा कप निवून त्यावर साय धरली होती. हमालानं पहिलं पोतं उघडलं. शेठनी वरचा दाणा मुठीत घेतला आणि फोन वाजला.

पहिल्याच घंटीला त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि त्या आवाजात एका बाईचा लागलेला दम. बोलणं काही येईना.

"कोनी पडलं का?" शेठ म्हणाले.

"कोनी नाही पडलं," प्रेमाबाई म्हणाली. "मी वर आली."

"काय दिसते?"

"सगळंच. बरफाचे डोंगर समोर हाय. ढग आपल्या खाली हाय, पायाखाली." मग म्हणाली, "येथी कोनाचंच काही वाळत नाही घातलेलं."

"पानी पेली?"

"पेली आताच. नवकारशी झाली. तुमी चहा घेतला?"

"नाही."

"काहून? साडेसात वाजत आले."

"असंच. तुहं झालं का नाही, ठाऊक नव्हतं."

ती म्हणाली, "सीझन चालू हाय नं? फोन कसा उचलला?"

"हातातच होता," शेठ म्हणाले. "दहाच्या आंधी उतरजो. अन् परत येजो."

"येतो," ती म्हणाली.

शेठनी फोन खिशात ठेवला, निवलेला चहा एका घोटात प्यायले आणि हमालाला म्हणाले, "घे काट्यावर." मुठीतला वरचा दाणा अजून मुठीतच होता.

सेवादास त्यांच्याकडे पाहत राहिला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपल्या मालात काही खोट आहे, की शेठचं बिनसलं आहे, की यात काही डाव आहे, हे त्याला कळेना. शेवटी न राहवून त्यानंच बाही वर सारली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळची मूठ काढून शेठच्या तोंडापुढं धरली.